'गेट'चा अर्थ कसा लागतो

प्रश्न असा आहे: "इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचे अर्थ शब्दकोशात पानंच्या पानं भरून दिलेले असतात. मिळणे, होणे, पोहोचणे, समजणे, आणणे, करवून घेणे... हे सगळे पाठ करायचे का? समोरच्या वाक्यात नेमका कुठला अर्थ आहे हे ओळखायचं कसं? लिहिताना हा शब्द टाळा असं शिक्षक सांगतात, ते बरोबर आहे का? आणि 'गॉटन' हे रूप शुद्ध की अशुद्ध?"

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणं आणि मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणं ही माझी दोन कामं, त्यामुळे या शब्दाशी रोजच गाठ पडते. फाटकाचं 'गेट' वेगळं बरं का. त्यातला 'ए' लांब, यातला आखूड. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही.

आधी पाठांतराचं. अजिबात करू नका. याच जातीचं एक क्रियापद तुम्ही लहानपणापासून बिनचूक वापरत आला आहात आणि त्याचा एकही अर्थ कधी पाठ केलेला नाही. ते म्हणजे 'लागणे'. मला भूक लागली. तिला नोकरी लागली. एकदाचा फोन लागला. पडलो, पण फारसं लागलं नाही. कोड्याचा अर्थ लागला. तो चालू लागला. मला जावं लागेल. त्या कामाला मुहूर्तच लागत नाही. मराठी शिकणारा परदेशी माणूस ही वाक्यं एकाखाली एक वाचतो तेव्हा कपाळाला हात लावतो (पुन्हा तेच क्रियापद, फक्त 'लागणे'च्या जागी 'लावणे'). आपल्याला मात्र यात काही अवघड आहे असं वाटतसुद्धा नाही.

आता हीच आठ वाक्यं इंग्रजीत म्हणून बघा. आय गॉट हंग्री. शी गॉट अ जॉब. आय फायनली गॉट थ्रू. आय फेल, बट आय डिडन्ट गेट हर्ट. आय गॉट इट. ही गॉट गोइंग. आय हॅव गॉट टू गो. आय नेव्हर गेट अराउंड टू इट. आठही ठिकाणी 'गेट'! दोन्ही शब्द सगळीकडे असे जुळत नाहीत. आपल्याकडे वेळ 'लागतो', इंग्रजीत तिथे 'टेक' येतं. आग लागते तिथे 'कॅच'. उलट पत्र आपल्याला 'लागत' नाही, 'मिळतं'. पण दोन्ही भाषांनी केलंय ते एकच: एक हलकंफुलकं, स्वतःचं फारसं वजन नसलेलं क्रियापद घ्यायचं आणि शेजारच्या शब्दाकडून त्यात अर्थ भरून घ्यायचा.

मग आपल्याला 'लागणे' सोपं आणि 'गेट' अवघड का जातं? सवयीचा भाग आहेच, पण वाक्यरचनेचाही आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'लागली'पर्यंत पोहोचेस्तोवर भूक आहे की नोकरी हे कानावर पडून गेलेलं असतं, त्यामुळे अर्थ लावायला असा उरतच नाही. इंग्रजीत 'गेट' आधी येतं आणि त्याला अर्थ देणारा शब्द मागून. आपण 'गेट' दिसताक्षणी मनात 'मिळणे' म्हणून मोकळे होतो आणि पुढचा शब्द आला की अडखळतो. म्हणून मी शिकवताना पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: 'गेट'वर थांबू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. नाम आलंय, विशेषण आलंय, ठिकाण आलंय, 'टू' लावलेलं क्रियापद आलंय की भूतकाळवाचक धातुसाधित (पास्ट पार्टिसिपल, म्हणजे 'ब्रोकन', 'पेड' यांसारखं रूप)? या एका सवयीने बहुतेक गुंता सुटतो.

आणि एक समान धागा लक्षात ठेवा. 'गेट'मध्ये नेहमी बदल असतो. आधी नव्हतं ते झालं, नव्हतं ते हाती आलं, जिथे नव्हतो तिथे गेलो. 'बी' आणि 'हॅव' स्थिती दाखवतात, 'गेट' त्या स्थितीत शिरणं दाखवतं. 'आय ॲम टायर्ड' म्हणजे मी दमलेलो आहे; 'आय गेट टायर्ड' म्हणजे मी दमतो. याला एकच मोठा अपवाद आहे, 'हॅव गॉट'. त्याकडे शेवटी येतो.

सगळ्यात सोपं वाटणारं प्रकरण पुढे नाम येण्याचं, आणि अनुवाद करताना सर्वांत जास्त फसवतं तेच. 'शी गॉट द जॉब.' नोकरी मिळाली की मिळवली? मराठीत हा फरक क्रियापदातच आहे. 'मिळणे'मध्ये माणूस नुसता घेणारा, म्हणून 'तिला'. 'मिळवणे'मध्ये तो करणारा, म्हणून 'तिने'. इंग्रजीला याची फिकीर नाही. पत्र आपसूक आलं तरी 'आय गॉट अ लेटर', आणि धडपडून परवानगी काढली तरी 'आय गॉट द परमिट'. दोन्हीकडे 'आय' कर्त्याच्या खुर्चीत बसलेला. 'आय गॉट अ न्यू फोन' या पाच शब्दांच्या मराठीत किमान तीन शक्यता आहेत: नवा फोन घेतला, नवा फोन मिळाला, नवा फोन मिळवला. आणि त्यात एक 'यू' घातला की 'आय गॉट यू अ फोन', म्हणजे तुझ्यासाठी फोन आणला. मागचापुढचा मजकूर वाचल्याशिवाय यातलं काहीही ठरवता येत नाही. जो अनुवादक सगळीकडे 'मिळाला' लिहून पुढे जातो, त्याच्या मजकुरातली सगळी माणसं नशिबावर जगणारी वाटायला लागतात.

आजारपणही याच रांगेतलं. 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. मराठीला इथे मिळणं मंजूर नाही, कारण 'मिळणे'ला आपण काहीतरी बरं हाती आल्याचा वास लावून ठेवलाय. 'गेट'ला असा वास नाही. बक्षीसही गेट होतं, शिक्षाही गेट होते.

पुढे विशेषण आलं की अर्थ 'होणे', आणि तिथे 'गेट' आपल्या धातूंमध्ये विरघळून जातं. गेट अँग्री, रागावणं. गेट टायर्ड, दमणं. गेट वेट, भिजणं. गेट डार्क, अंधारणं. गेट बेटर, बरं वाटणं किंवा सुधारणं. मराठीत शब्दशः 'ओला झालो' म्हणता येतं, पण 'भिजलो' जवळ असताना कोण म्हणेल?

इथे एक खड्डा आहे. 'होणे' म्हणजे 'गेट' असं पक्कं झालेला विद्यार्थी 'ती डॉक्टर झाली'चं 'शी गॉट अ डॉक्टर' करतो. त्याचा अर्थ तिने डॉक्टर बोलावला, किंवा तिला डॉक्टर भेटला! नामाआधी 'गेट' म्हणजे 'होणे' कधीच नाही. तिथे 'बिकम' हवं. उलट विशेषणाआधी रोजच्या बोलण्यात 'बिकम' फार कडक इस्त्रीचं वाटतं. शिवाय 'होणे'साठी इंग्रजीत आणखी दोघं उभे असतात. रंग बदलला की 'टर्न', आणि बिघाड झाला, सहसा परत न येण्यासारखा, की 'गो'. म्हणून गो ब्लाइंड, गो बॅड, गो मॅड. 'गेट ब्लाइंड' कोणी म्हणत नाही. याचा नियम चोख नाही, कान तयार व्हावा लागतो.

लग्नाचं वाक्य तर या सगळ्याची परीक्षाच घेतं. 'माझं लग्न झालंय' आणि 'माझं लग्न २०१० साली झालं' ही दोन्ही वाक्यं आपण 'होणे' या एकाच धातूवर चालवतो. इंग्रजीत पहिली स्थिती आहे, म्हणून 'आय ॲम मॅरिड'. दुसरी घटना आहे, म्हणून 'आय गॉट मॅरिड इन २०१०'. 'आय ॲम मॅरिड इन २०१०' हे मराठी मनातून थेट उतरलेलं वाक्य आहे आणि ते चूक आहे. तोच प्रकार सवयीचा. 'आय ॲम यूज्ड टू द नॉइज' म्हणजे आवाजाची सवय आहे. 'आय गॉट यूज्ड टू द नॉइज' म्हणजे सवय झाली. आणि यातलं काहीच न लावता नुसतं 'आय यूज्ड टू' आलं, तर सवयीचा संबंध संपला. ती आता बंद पडलेली जुनी गोष्ट, 'मी पूर्वी करायचो'.

ठिकाण पुढे आलं की 'पोहोचणे'. गेट टू द स्टेशन, गेट देअर, गेट होम. 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी 'टू' नको, बाकी ठिकाणी हवा. 'रीच'चं नेमकं उलटं, त्याच्यामागे 'टू' कधीच लागत नाही, आणि आपण 'रीच टू द स्टेशन' म्हणतो कारण 'स्टेशनला'तला 'ला' मनातून जात नाही. शिवाय 'गेट'च्या पोहोचण्यात थोडी खटपट गृहीत असते. म्हणूनच रस्ता विचारताना 'हाऊ डू आय गेट टू द स्टेशन' असं विचारतात. कसं जायचं हे जिथे कोडं आहे तिथे 'गेट' शोभतं. सोफा दारातून आत घ्यायचा असेल तर 'गेट द सोफा थ्रू द डोअर'. त्या वाक्यात घामसुद्धा ऐकू येतो.

वाहनांत बसण्या-उतरण्याचा वाद नेहमी निघतो. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, रेल्वे, विमान, जहाज, तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ. ज्यात अंग दुमडून शिरावं लागतं त्या मोटारीसाठी गेट इन आणि गेट आउट. ज्यावर पाय टाकून बसतो ती सायकल नि घोडा, तिथेही ऑन-ऑफच. 'गेट डाउन फ्रॉम द बस' हे आपल्या 'खाली उतर'चं इंग्रजी. ऐकणाऱ्याला कळतं, पण तो क्षणभर तुम्हाला बसच्या टपावर बसलेलं बघतो. गेट डाउन हे शिडीवरून, झाडावरून. किंवा कोणी ओरडलं 'गेट डाउन!' तर खाली वाका, वरून काहीतरी येतंय.

आता 'समजणे'. 'आय डोन्ट गेट इट.' हातात येण्याचा आणि कळण्याचा काय संबंध, असं विचारणारे भेटतात. संबंध फार जुना आहे. हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हे. उत्तरेकडून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गेटा' या क्रियापदातून तो इंग्रजीत आला, आणि साधारण १२०० सालापासून लिखाणात दिसतो. जुन्या इंग्रजीत याचा सख्खा भाऊ होता, पण तो एकटा फिरत नसे, उपसर्गाचा हात धरूनच यायचा. त्यातूनच 'फरगेट' आणि 'बिगेट' आले. 'फरगेट' म्हणजे हातातलं सुटणं, पकड जाणं. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्याच्या मागे 'पकडणे' अशा अर्थाचा एक प्राचीन धातू मानतात. लॅटिनमधलं 'प्रेहेंडेरे' त्याच धातूचं, आणि त्याच्यापासून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेंड' आलं, ज्याचा अर्थ पुन्हा समजणे! म्हणजे 'आय गेट इट' आणि 'आय कॉम्प्रिहेंड इट' ही एकाच घराण्याची दोन माणसं. एक चप्पल घालून आलंय, दुसरं बूट-मोजे. आपल्याकडे 'ग्रहण करणे' याच वाटेने गेलं. धातू वेगळा, पण कल्पना तीच: जे हातात आलं ते कळलं.

या अर्थाचं वापरातलं पथ्य एवढंच की समजण्याचं 'गेट' सहसा साध्या काळात येतं. 'मला कळत नाहीये' हे आपलं चालू वर्तमानकाळी वाक्य, म्हणून तोंडातून 'आय ॲम नॉट गेटिंग यू' निघतं. 'आय डोन्ट गेट इट' म्हणा, किंवा आवाजच नीट आला नसेल तर 'आय डिडन्ट गेट दॅट'. 'आय ॲम नॉट गेटिंग अ सिग्नल' मात्र बरोबर आहे, कारण तिथे समजण्याचा प्रश्न नाही, सिग्नल हाती येत नाहीये.

याला चिकटूनच आणखी एक. 'परीक्षा पुढे गेल्याचं कळलं' याचं 'आय गॉट टू नो दॅट...' असं इंग्रजी आपण सर्रास करतो. 'गेट टू नो' हे माणसांसाठी, हळूहळू ओळख होण्यासाठी आहे. बातमी कळली तर 'फाउंड आउट', 'हर्ड' किंवा 'लर्न्ट'.

'टू' आणि क्रियापद आलं की 'गेट'चा एक फार गोड अर्थ निघतो, जो शब्दकोशात मागे कुठेतरी दडलेला असतो: संधी मिळणे. 'वी गॉट टू सी द कॉमेट', धूमकेतू बघायला मिळाला. 'आय नेव्हर गॉट टू मीट हर', तिला भेटणं कधी झालंच नाही. ही हळहळ मराठीत 'राहून गेलं'ने छान येते, तिला भेटायचं राहूनच गेलं. आता यातच 'हॅव' घातलं की अर्थ थेट उलटतो. 'आय हॅव गॉट टू मीट हर', म्हणजे मला तिला भेटावंच लागेल. संधीची सक्ती झाली. आणि बोलण्यात तो 'हॅव' आधी 'व्ह' एवढाच उरतो, मग तोही गळतो आणि 'गॉटा' बाकी राहतं. तेव्हा वर्तमानातलं 'आय गॉटा गो' ही सक्ती, आणि आठवण सांगताना आलेलं 'आय गॉट टू गो' ही बहुतेक वेळा संधी. चित्रपटांची उपशीर्षकं करणाऱ्यांनी इथे जरा जास्त सावध राहावं.

सगळ्यात जास्त वेळ मी वर्गात घालवतो तो 'गेट' आणि भूतकाळवाचक धातुसाधिताच्या जोडीवर, कारण इथे मराठी आणि इंग्रजी खरोखर वेगळा विचार करतात.

'मी केस कापले' आपण बिनदिक्कत म्हणतो. कापले दुसऱ्यानेच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'त्यांनी घर बांधलं' म्हणजे त्यांनी स्वतः विटा रचल्या असं कोणी समजत नाही. अगदीच स्पष्ट करायचं झालं तर 'कापून घेतले', 'बांधून घेतलं'. इंग्रजीत हे स्पष्ट करणं जवळपास सक्तीचं आहे. 'आय कट माय हेअर' म्हटलं की ऐकणारा तुमच्या हातात कात्री बघतो. म्हणून 'आय गॉट माय हेअर कट'. शब्दांचा क्रमही नीट बघा: गॉट, मग वस्तू, मग धातुसाधित. तो बदलून 'आय गॉट कट माय हेअर' केलं तर इंग्रजी वाक्यच राहत नाही.

माणसाकडून काम करवून घ्यायचं असेल तर तीन क्रियापदं स्पर्धेत असतात, आणि त्यांच्यातला फरक मराठीत सांगितला की चटकन कळतो. 'आय मेड हिम साइन', त्याला सही करायला भाग पाडलं. 'आय हॅड हिम साइन', त्याला सही करायला सांगितलं आणि त्याने केली. त्याचं ते कामच होतं. 'आय गॉट हिम टू साइन', त्याला गळ घातली, पटवलं, चार वेळा मागे लागलो, आणि अखेर त्याची सही घेतली. 'गेट'मध्ये पुन्हा ती खटपट. व्याकरणातला फरक असा की 'मेक' आणि 'हॅव'नंतर 'टू' येत नाही, 'गेट'नंतर येतो. आणि नुसतं सुरू करून द्यायचं असेल तर 'टू'ऐवजी 'इंग': 'आय गॉट हिम टॉकिंग', त्याला बोलतं केलं. ही 'बोलतं करणे'ची रचना मराठीत तयार असताना अनुवादात 'त्याला बोलण्यास प्रवृत्त केले' वाचायला मिळतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

मधलं नाम काढून टाका: 'ही गॉट फायर्ड', 'शी गॉट कॉट', 'वी गॉट पेड'. हा कर्मणी प्रयोगच आहे, फक्त 'बी'ऐवजी 'गेट' घातलेला. उपयोग काय? 'द विंडो वॉज ब्रोकन' हे वाक्य घ्या. खिडकीची काच फुटलेली होती, की तेव्हा फुटली? इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात. 'द विंडो गॉट ब्रोकन' म्हटलं की एकच: फुटली. बदल दाखवण्याचा 'गेट'चा मूळ स्वभाव इथे कामी येतो. म्हणूनच जिथे बदल नाही अशा क्रियापदांना हा प्रयोग सोसत नाही. 'द हाऊस गॉट ओन्ड बाय हर' म्हणता येत नाही.

या प्रयोगात आणखी एक छटा असते. जे घडलं ते कर्त्याला भोवलेलं किंवा लाभलेलं असतं. 'ही वॉज अरेस्टेड' ही बातमी आहे. 'ही गॉट अरेस्टेड'मध्ये सांगणाऱ्याचा सूर आहे, झालं बघा असं. आणि 'ही गॉट हिमसेल्फ अरेस्टेड' म्हटलं की दोष त्याच्याच पदरात, अटक ओढवून घेतली. या एका 'हिमसेल्फ'साठी मराठीत 'ओढवून घेणे' इतकं नेमकं बसतं की दुसरं काही शोधायची गरज नाही. अर्थात प्रत्येक 'गॉट' आणि धातुसाधिताच्या जोडीमागे योजना नसते. 'आय गॉट माय कार वॉश्ड' म्हणजे गाडी धुवून घेतली, पण 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर' म्हणजे बोट दारात चिमटलं. रचना तीच. कोणी हौसेने बोट चिमटून घेत नाही, एवढ्या व्यवहारज्ञानावर इंग्रजी विसंबून असतं.

'गेट'च्या मागे अप, ओव्हर, बाय, अवे लागून होणाऱ्या जोड्या शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्या याद्या पाठ करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. पण इथेही तेच: 'गेट' म्हणजे हलणं, आणि मागचा शब्द दिशा सांगतो. ओव्हर म्हणजे पलीकडे, तेव्हा 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून उठणं, दुःखातून सावरणं. बाय म्हणजे बाजूने निसटून, तेव्हा 'गेट बाय' म्हणजे कसंबसं निभावणं, भागवणं. अनुवादाची मजा मात्र पुढे आहे. 'ही गॉट अवे विथ इट' याला माझ्या मते मराठीत एकच उत्तर: त्याला ते पचलं. 'निसटला' म्हणजे नुसता पळाला. 'पचलं'मध्ये केलेलं कृत्य आणि चुकलेली शिक्षा दोन्ही आलं. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुझा रोख कुणीकडे आहे? 'दे डोन्ट गेट ऑन', त्यांचं पटत नाही. 'व्हॉट्स गॉट इंटू यू?', अंगात काय संचारलंय तुझ्या? 'आय विल गेट यू!', बघून घेईन तुला. 'व्हॉट रिअली गेट्स मी इज...', माझ्या डोक्यात जातं ते हे की... यातल्या एकाही मराठी वाक्यात मिळणे किंवा होणे नाही.

आता संख्येचं, कारण शब्दकोशातल्या पानांनी तुम्ही घाबरलेले दिसता. अर्थांच्या संख्येत 'गेट' पहिलंसुद्धा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे सुधारणा होत गेल्या तशी 'रन'ने आघाडी घेतली. एकट्या 'रन' क्रियापदाचे ६४५ अर्थ तिथे नोंदवले गेले आणि ते लावायला संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. इंग्रजी बोलणाऱ्या कोणालाही हे ६४५ अर्थ सांगता येणार नाहीत, पण वापरताना तो चुकत नाही. एक गंमत जाता जाता. 'गेट'चं नाम म्हणून 'अपत्य' असाही एक जुना अर्थ होता, त्यावरून ती शिवी झाली आणि तिचा उच्चार बदलून ब्रिटिश बोलीत 'गिट' झाला. २००५ साली 'लिनक्स'वाल्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या प्रणालीला 'गिट' हेच नाव दिलं. संगणकावर काम करणारे आज दिवसातून दहादा ही शिवी टंकतात.

लिहिताना 'गेट' टाळावं का? शिक्षक सांगतात त्यात तथ्य आहे, पण अर्धं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालयातली बरीच शब्दसंपत्ती फ्रेंचमधून आली. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अराइव्ह' हे सगळे त्या बाजूचे. त्यामुळे अहवालात, अर्जात, संशोधन-निबंधात 'वी गॉट द रिझल्ट्स' थोडं सैल वाटतं, आणि 'ऑब्टेन्ड' बसतं. पण माझ्या मते खरं कारण रुबाब नसून नेमकेपणा आहे. 'द कमिटी गॉट द डॉक्युमेंट्स' या वाक्यात समितीला कागद कोणी दिले, तिने मागवले, की शोधून काढले? जिथे हे कळणं गरजेचं आहे तिथे 'गेट' काढा. जिथे संदिग्धता नाही तिथे राहू द्या. 'गेट रिड ऑफ', 'गेट मॅरिड', 'गेट यूज्ड टू' या जोड्या औपचारिक लेखनातही चालतात. सरसकट बदल करणाऱ्यांच्या हातून 'आय रिसीव्ह्ड टायर्ड' अशी वाक्यं पडलेली मी तपासली आहेत.

राहिलं 'हॅव गॉट' आणि 'गॉटन'. 'आय हॅव गॉट अ कार' दिसायला पूर्ण वर्तमानकाळ, पण अर्थ साधा: माझ्याकडे गाडी आहे. मिळाली म्हणजे आता आहे, या न्यायाने मिळण्याचं असणं झालं आणि रूप तसंच गोठलं. भूतकाळात ते चालत नाही. 'गाडी होती' म्हणायचं तर नुसतं 'हॅड' पुरतं. ब्रिटिश इंग्रजीत 'गाडी मिळवली आहे' आणि 'गाडी आहे' दोन्हींसाठी 'हॅव गॉट'च. अमेरिकेत मात्र ही दोन कामं वाटून दिली आहेत: असण्यासाठी 'हॅव गॉट', मिळवण्यासाठी किंवा होण्यासाठी 'हॅव गॉटन'. 'आय हॅव गॉट अ जॉब', नोकरी आहे. 'आय हॅव गॉटन अ जॉब', नोकरी लागली. 'इट हॅज गॉटन डार्क', अंधारलंय.

'गॉटन' अमेरिकनांनी बिघडवलेलं रूप आहे ही समजूत खोटी. ते इंग्लंडातलंच जुनं रूप, अमेरिकेत टिकलं आणि मायदेशी मागे पडलं. तिथेही 'फरगॉटन'मध्ये आणि पापाच्या कमाईला म्हणतात त्या 'इल-गॉटन'मध्ये ते अजून शाबूत आहे. त्यामुळे शुद्ध-अशुद्धाचा वाद नाही. वाचणारा किंवा तपासणारा ब्रिटिश वळणाचा असेल तर 'गॉट' लिहा, अमेरिकन असेल तर 'गॉटन', आणि एकाच मजकुरात दोन्ही वळणं मिसळू नका. फक्त एवढं बघा की सक्तीच्या अर्थी 'आय हॅव गॉटन टू गो' अमेरिकेतही कोणी म्हणत नाही. तिथे तसं म्हटलंच, तर 'मला जायला मिळालंय' असा अर्थ होईल.